मामा बाटली घेऊन आले तेव्हा

समुद्रकाठच्या विनेबा गावात, मासळीबाजारामागे अरबाचं वेण्या घालायचं छोटंसं दुकान होतं. हात असा हलका, की राजधानी अक्राहून बायका यायच्या. "बाई हुशार, पण एबोचं नाव निघालं की अगदी बावळट होते," असं तिची मावशी मान्सा म्हणायची.

एबो तेमा बंदरावर क्रेन चालवायचा. आला की लाडीगोडी, गेला की फोन बंद. "ईस्टरला माझ्या मामांना आणि मागणीची दारूची बाटली घेऊन दार ठोठावतो, तुला रीतसर मागणी घालतो," हे त्याचं नेहमीचं. ईस्टर यायचा, मामा यायचे नाहीत.

या खेपेला मात्र त्याने दिवस सांगितला. मावशीने मटणाचा रस्सा रांधला, कंद उकडून त्यांचा मऊ फुफू कुटला. आजोबा ठेवणीतलं कापड खांद्यावर घेऊन बसले. दुपार कलली, तसा अरबाने फोन लावला.

"अगं, मामांना नाही जमलं. आपलं बरं चाललंय की! त्याला नाव कशाला द्यायचं?"

"मला हवंय, एबो. मी तुझी कोण?"

"घाई नको ना करूस."

"नाही करत. तू तुझ्या वाटेने जा."

अंगणात सगळ्यांनी ऐकलं होतं. अरबाला वाटलं, जमिनीत गडप व्हावं. मावशी पळी घेऊन उठली. "बघत काय बसलात? रस्सा काय त्या एबोसाठी केलाय? जेवा!"

"मला मोठा तुकडा वाढ," आजोबा म्हणाले. "सकाळपासून ताटकळलोय."

अरबा हसली, मग रडली, मग जेवली.

पुढचे महिने जड गेले. फोन वाजला की काळीज हलायचं. पण लग्न करून तेमाला जायचंय म्हणून जे जे अडवून ठेवलं होतं, ते तिने सुरू केलं. रस्त्यालगतची मोठी जागा घेतली, भिंतींना पिवळाधम्मक रंग दिला, शिकायला मुली ठेवल्या. एका रविवारी चर्चमध्ये तिच्या लक्षात आलं, आज सकाळपासून एबो आठवलाच नाही.

नाताळच्या तोंडावर तो खरंच आला, मामा आणि बाटली घेऊन. अरबाने मामांना पाणी दिलं, खुशाली विचारली.

"मामा, तुमच्यावर राग नाही. पण ही बाटली परत न्या."

"माझ्यासारखा दुसरा मिळेल तुला?" एबो म्हणाला.

"नाही मिळाला तरी चालेल." आपला आवाज कापला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

ते गेल्यावर मुली दाराआडून डोकावल्या. "मॅडम, उद्या दुकान उघडायचं ना?"

"उघडायचं. पण पहिलं गिऱ्हाईक मी. माझ्या वेण्या कोण घालतंय?"

सगळ्याच पुढे सरसावल्या.