राऊतबाईंना लागलेला चुना

राऊतबाई लग्नाला गेल्या की आधी नवरीच्या वेणीचा वास घ्यायच्या, मग पर्समधून कापसाची काडी काढून एखाद्या फुलावर फिरवायच्या आणि काडी नळीत बंद करायच्या. नवरीकडची माणसं चक्रावायची. बोईसरच्या आमच्या लहानशा बिअर कारखान्यात बाई लॅबच्या प्रमुख होत्या, मी त्यांचा सहायक. बिअर आंबवणारं नवं यीस्ट फुलाफळांवर कुठेही सापडू शकतं, म्हणून ही शोधाशोध. स्वतः मात्र थेंबही घ्यायच्या नाहीत. "मला नाकाचा पगार मिळतो, जिभेचा नाय," म्हणायच्या.

एकदा मालकांनी फर्मान काढलं: दोन महिन्यांत कामाचं यीस्ट दाखवा, नाहीतर लॅबला कुलूप, यीस्टची पाकिटं बाहेरून मागवू. बाईंचं तोंड एवढंसं झालं. ताडी आपोआप आंबते, म्हणजे तिच्यात यीस्ट असणारच, म्हणून त्यांनी मासवणचे ताडी काढणारे लहानूबाबा गाठले. बाबांनी आनंदाने बाटली भरून दिली. आम्ही ती चार दिवस जपली, पण यीस्टचा पत्ता नाही. दुसरी आणली, तिसरी आणली, तेच. मी हात टेकले. बाई मला घेऊन तडक बाबांच्या अंगणात.

बाबा ओशाळले. "बाय, तू मोठ्या घरची. तुला चढली त लोकं काय बोलतील? म्हणून मडक्याला आतून चुना लावला. गोड नीराच दिली तुला."

चुन्यामुळे रस आंबत नाही. यीस्ट येणार कुठून? बाई पोट धरून हसल्या. "मालक म्हणतात मी कंपनीला चुना लावते. बघ, मलाच लागला!" आणि हसण्याच्या भरात बोलून गेल्या, "बाबा, आम्हाला बिघडलेलीच पायजे."

"आमची ताडी बिगडलेली नाय!" बाबा ताडकन उठून आत गेले.

आता लॅब खरंच गेली, असं मला वाटलं. बाई दारापाशी गेल्या. "चुकले, बाबा. मला एक ग्लास द्या." आणि माझ्यादेखत त्यांनी अख्खा ग्लास रिकामा केला. बाबा शेवटच्या घोटापर्यंत बघत राहिले. मग बिनचुन्याचं मडकं त्यांनी स्वतः आणून आमच्या गाडीत ठेवलं.

त्या यीस्टने बिअरला पिकल्या पेरूचा वास आणला. मालकांनी दोन ग्लास रिचवले आणि कुलपाचा विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. यीस्ट जिवंत ठेवायचं तर दर पंधरवड्याला ते नव्या ताटलीत उतरवावं लागतं, आणि ती तारीख नेमकी त्यांच्या बाराव्याला आली. मी आधी लॅबमध्ये गेलो. तिथे एकट्यालाच रडू फुटलं. त्यांच्या घरी पोचलो तेव्हा पंगत उठली होती. बाईंच्या मुलीने उशिराचं कारण विचारलं, मी सांगितलं.

ती पान वाढत म्हणाली, "आई असती ना, तर तीही उशिराच आली असती."