पळून पाहिलेली कादंबरी

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहराच्या बागेत एक म्हातारी ब्रिटिश बाई रोज सकाळी जुन्या काळचा, घोट्यापर्यंतचा जड स्कर्ट घालून दोन झाडांमध्ये धावायची. दम लागला की बाकावर बसून वहीत लिहायची. मी तिथेच पत्रकं वाटत असे. लायब्ररीतलं प्रेमकथांचं कपाट हलवून शहराच्या कौन्सिलला तिथे मीटिंग रूम करायची होती, त्याविरुद्ध.

"हे काय करताय?" एकदा विचारलंच.

"माझी नायिका दोनशे वर्षांपूर्वीची. तिला बग्गी गाठायचीय. या स्कर्टात गाठता येते का, बघतेय."

लंडनमध्ये टायपिस्ट असताना जेवणाच्या सुट्टीत तिने पहिली प्रेमकथा लिहिली होती. नोकरी सुटली, देश बदलला, लिहिणं तेच राहिलं. कपाट वाचवायला तिने लगेच पाठिंबा लिहून दिला. मी खूश! पुढच्या पत्रकात तिचा पाठिंबा छापला आणि नावाखाली टाकलं, 'ज्येष्ठ इतिहासलेखिका'. प्रेमकथा म्हटलं तर कौन्सिलवाले हसतील ना!

तिने पत्रक वाचलं. माझंच पेन घेऊन तो शब्द खोडला आणि वर ठसठशीत लिहिलं, 'प्रेमकथालेखिका'.

"त्यांनी हसावं, नो वरीज. पण तू का लाजतेस, मेट?" इथल्या थाटात, मैत्रिणीला म्हणावं तसं तिने विचारलं.

मला संताप आला, स्वतःचाच. कपाट वाचवायला निघालेली मीच त्यातली पुस्तकं लपवत होते.

कौन्सिलच्या सभेत तिचा पाठिंबा मी वाचून दाखवला. 'प्रेमकथालेखिका' म्हणताच मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी थांबले, आणि तो शब्द पुन्हा वाचला, आणखी मोठ्याने.