कोडावरचं कुंकू

हॉटेलांच्या टेबलांवर ठेवायचे क्यूआर कोडचे फलक मी दिवसभर बनवतो. रंग बदला, नाव मोठं करा, हे ऐकून जीव शिणतो. मग सगळे चौकोन सारखेच दिसू लागतात.

आज एका खानावळीत फलक पोचवले. मालकीणबाईंनी पहिला फलक गल्ल्यावर उभा केला, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मग मोबाइल धरला, तर मेनू काही उघडेना. कुंकू नेमकं कोडाच्या कोपऱ्यावर लागलं होतं. मी वैतागून रुमाल काढला.

"अहो दादा, पुसू नका," त्या म्हणाल्या. "हा देवाजवळ ठेवते. इथं दुसरा द्या."

मी रुमाल खिशात ठेवून दुसरा दिला. इतकी वर्षं हे काम करतोय, पण माझ्या कामाला कुंकू लागलेलं आज पहिल्यांदाच पाहिलं. आणि तेच मी पुसायला निघालो होतो.