नमुनापूरची बाई

नमुनापूर नावाचं गाव अमरावती जिल्ह्यात नाही. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण ते मीच वसवलं, अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात, गॅसवर अंबाडीची भाजी शिजत असताना. तरीही एक सरकारी माणूस त्या गावाला दोनदा जाऊन आला आणि दोन्ही वेळा त्यानं लेखी अहवाल दिला.

तेव्हा मी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचे आणि उरलेल्या वेळात एका डेटाबेसची पुस्तिका लिहायचे. हा डेटाबेस कोण्या कंपनीचा नव्हता. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून तो फुकट बनवत, फुकट दुरुस्त करत आणि ईमेलवर फुकट भांडत. मला कोड लिहिणं फारसं जमायचं नाही, पण दुसऱ्याच्या चुका चटकन दिसायच्या. घरात याला खोड म्हणत. त्या मंडळींनी त्याला गुण म्हटलं, म्हणून मी त्यांच्यात रमले. त्यांचा एक नियम मला फार आवडायचा. सुरक्षेतली त्रुटी सापडली की ती फक्त निवडक माणसांच्या एका बंद ईमेल-यादीवर कळवायची. दुरुस्ती निघेपर्यंत बाहेर चकार शब्द काढायचा नाही. दुरुस्ती निघाली की मात्र काही लपवायचं नाही, सगळं जाहीर सांगायचं.

भारनियमनाचे दिवस होते. स्क्रीनवर वाचायची पुस्तिका आमच्याकडे निम्मा दिवस अंधारात असायची. म्हणून मी डेटाबेस कसा बसवायचा ते मराठीत लिहून कागदावर छापलं. मी टायपिंग शिकले एका कोर्टातल्या टंकलेखकाकडे, त्यामुळे हाताला सवय लांब लीगल कागदाची. पानभर उदाहरण दिलं. गाव नमुनापूर, कुटुंबप्रमुख एक बाई, वय बेचाळीस, कोरडवाहू तीन एकर, दोन बैल, एक म्हैस, शेवटी हो-की-नाहीचा एक रकाना, त्यात ‘हो’. पासवर्ड काय द्यावा सुचेना. भाजीचा वास आला आणि मी ‘अंबाडी१२३’ लिहून मोकळी झाले. पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत इशारा दिला, की हे उदाहरण आहे, नोंद पुसा, पासवर्ड स्वतःचा ठेवा.

मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात एक झेरॉक्सवाले चाचा होते. त्यांच्याकडे प्रती काढायला दिल्या. प्रती सुबक बांधून मिळाल्या. मी मुखपृष्ठ पाहिलं, खूश झाले, आणि आत न पाहता ज्यानं मागितली त्याला देत सुटले. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईनं स्वतःचं पुस्तक उघडून पाहिलं नाही.

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावोगाव माणसं जीव देऊ लागली, तेव्हा सरकारनं घरोघर सर्वे काढला. घरात कोणी जिवाला कंटाळल्याचं बोलतं का, हो की नाही, आणि पुढे शेऱ्याचा रकाना. ही माहिती ठेवायला अमरावतीच्या एका कार्यालयानं आमचा फुकटातला डेटाबेस घेतला, हे मला कळलं ते तिथल्या ऑपरेटरच्या फोनवरून. पुस्तिकेच्या मागे माझा नंबर होता.

“मॅडम, तुमच्या पुस्तकात हाय तसं समदं केलं,” तो म्हणाला. “फक्त ते नमुनापूर कोन्या तालुक्यात येते, थेवढं सांगा.”

मी एसटीनं अमरावतीला गेले. ऑपरेटर भला माणूस, पुस्तिकेला प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवलं होतं. त्यानं माझ्यासमोर ‘अंबाडी१२३’ टाइप केलं आणि जिल्हा उघडला. पहिलीच नोंद माझी बेचाळीस वर्षांची बाई. माझा उदाहरणादाखलचा ‘हो’ जिवाला कंटाळल्याच्या रकान्यात जाऊन बसला होता, त्यामुळे यंत्रणा हलली होती. भेटीचे दोन अहवाल जोडलेले होते. पहिला: ‘समक्ष भेट दिली, घरी कोणी नव्हते.’ दुसरा: ‘पुन्हा भेट दिली. कुटुंब कामानिमित्त बाहेरगावी गेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले.’

शेजारी मी लिहिलेले नव्हते. ते त्या माणसाचे स्वतःचे.

मी हसत सुटले, ऑपरेटरही हसला. मग म्हणाला, “आता खरी नोंद कशी दिसते ते पाहा, आमच्याच गावची दाखवतो.” नांदगाव पेठेच्या अलीकडचं त्याचं गाव. माझ्या ताईचंही तेच. त्यानं उघडलेली नोंद ताईची निघाली. कंटाळल्याचं बोलतं का: हो, नवरा. शेरा: ‘फवारणीच्या औषधाची बाटली पत्नीने तुरीच्या कोठीत लपवली आहे. पतीला माहीत नाही.’

माझं हसू तिथल्या तिथे वाळलं. ताईनं मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. तिनं ते एका अनोळखी सर्वेवालीला सांगितलं होतं, कोणाला कळणार नाही या बोलीवर. आणि आता ती बाटली कुठे आहे हे माझी पुस्तिका असलेल्या कोणालाही वाचता येत होतं. भाऊजी रोज ज्यांच्यासोबत पारावर बसत, त्यात या ऑपरेटरचा सख्खा भाऊ होता.

“हे शेरे कोण वाचतं?” मी विचारलं.

“शेरा कोन वाचते मॅडम? भरा लागते म्हनून भरते.”

म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची गुपितं उघडी पडली होती आणि ती सुरक्षित होती, कारण वाचायची कोणाला गरजच वाटत नव्हती. माझ्या खोट्या बाईकडे माणूस दोनदा गेला, ताईकडे एकदाही नाही. मला असा संताप आला की त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला.

मी म्हटलं, पासवर्ड आत्ता बदला. तो म्हणाला, तोंडी बदलता येत नाही, अर्ज द्या, विषय स्पष्ट पाहिजे. मी अर्ज लिहिला. विषय मोघम आहे म्हणून आवक-जावकच्या बाईंनी परत केला. शेवटी ‘विषय: अंबाडी१२३ हा पासवर्ड बदलणेबाबत’ असा स्वीकारला आणि शिक्का मारला. आठवड्याभरात कार्यवाही झाली. सर्व तालुक्यांना पत्र निघालं, की यापुढे पासवर्ड अंबाडी१२४ असा राहील. प्रत माहितीस्तव सर्वांना, एक प्रत सूचना फलकाकरिता.

मी चाचांकडे जाऊन पुस्तिका उघडली. तळाची ओळ प्रत्येक पानावर गायब.

“बेटी, लीगल कागज खतम हो गया था,” चाचा म्हणाले. “ए-फोर के छोटे कागजपे बिठा दिया. खाली एक लाइन कटली, उससे काय होते?”

बंद यादीवर मी सगळं कळवलं. तिथे चर्चा पेटली. झेरॉक्स मशीन हा सॉफ्टवेअरचा भाग मानायचा की नाही, यावर त्या विद्वानांनी बरेच दिवस घालवले. शेवटी ठरलं: सॉफ्टवेअर ठीक आहे, त्रुटी पुस्तिकेत आहे, दुरुस्ती लेखिकेनं काढावी, तोवर कोणाला सांगू नये.

मी नियम मोडला. ताईच्या घरी गेले, भाऊजी शेतात होते, तिला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती, निवडतच राहिली.

“अवं, थे सर्वेवाली वळली अन् मी जागा बदलली,” ती म्हणाली. “एकाले सांगतली थे जागा मंग जागा रायते का? आता दर आठ दिवसांनी बदलते.”

“मंग फेकून काऊन नाई देत?”

“कपाशीले लागतेच. फेकली त दुसरी आनतीन, अन् थे कुठं ठेवतीन हे मले ठाव नाई रायनार.”

“आता कुठं हाय?”

“तुले बी नाई सांगत.”

जगभरच्या त्या यादीवर एवढी पक्की बाई मी पाहिली नव्हती. घरी येऊन मी नवी आवृत्ती लिहिली. ए-फोरवर. इशारा प्रत्येक पानाच्या डोक्यावर, नमुनापूर बेचिराख, पासवर्डच्या जागी रिकामी चौकट, आणि शेऱ्याचा रकाना एकाच अधिकाऱ्याला दिसेल अशा बेतानं कुलूपबंद कसा करायचा त्याच्या पायऱ्या. पहिली पायरी: ‘पासवर्ड पत्रात लिहू नये.’ अर्जानं जे झालं नाही ते पुस्तिकेनं केलं. छापलेलं असेल तर ती माणसं अक्षरशः पाळत. माझा सगळा घोटाळा त्यातूनच झाला होता आणि सुटलाही त्यातूनच.

पुढच्या वर्षी दसऱ्याला गेले होते. भाऊजी ओट्यावर बसून मला हळूच म्हणाले, “मास्तरीनबाई, तुमच्या ताईले सांगू नका, पन थे बाटली मले ठाव हाय. कोठी झाली, गोवऱ्या झाल्या, आता पोह्याच्या डब्यामांगं हाय. बिचारी लय धावपळ करते.”

“सांगू नको?” मी विचारलं.

“नोका. तिले वाटू द्या.”

मी ते पोटात ठेवलं. वर्षं गेली. भाऊजी मागच्या थंडीत गेले, पिकल्या वयात, आपल्या खाटेवर, सकाळचा चहा पिऊन. तेरवी झाल्यावर मला वाटलं, आता जाहीर करायला हरकत नाही. ताईला म्हटलं, भाऊजींना तुझी प्रत्येक जागा माहीत होती.

ती डोळ्यांना पदर लावून हसली.

“मले ठाव होतं ना व,” ती म्हणाली. “थो पाहून रायला, हे पाहूनच मी बाटली हलवत होती, माह्या जिवाची धावपळ थ्याले दिसावी म्हनून.”