पाठीवरचा क्रमांक

तपासणी जाहीर झाली की जव्हारच्या आमच्या प्रांत कचेरीत सगळ्यात आधी ऑइलपेंटचा डबा उघडत असे. खुर्ची, टेबल, कपाट, पाण्याचं पिंप, सरकारी म्हणून जे काही आहे त्या प्रत्येकावर पांढऱ्या रंगात त्याचा क्रमांक हवाच. क्रमांक पुसट दिसला तरी तपासणीत शेरा बसायचा. रंगवायचं काम शिपाईमामांकडे होतं आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. दोन हजार सालानंतर कचेरीत संगणक आले, तेही या नियमातून सुटले नाहीत.

संगणक दोन होते. एक खिडकीपाशी माझ्यापुढे, प्रिंटरसह. दुसरा आतल्या खोलीत, सगळ्या नोंदी त्यात. दोघांच्या मधे भिंतीतून काढलेली वायर आणि हब नावाची एक चपटी डबी. माझा संगणक आतल्याकडून नोंद मागवायचा आणि दाखला छापायचा. ठाण्याला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. त्यातलं एकच मी पक्कं धरलं होतं: बिघाड शोधताना अंदाज बांधायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं.

पावसाळ्याचे दिवस. सकाळपासून वीज नव्हती, ती दुपारी दोनच्या सुमारास आली. तोवर पोशेऱ्याची एक मुलगी आणि तिचे वडील खिडकीसमोरच्या बाकावर बसून होते. मुलगी बारावी झालेली. नाशिकला नर्सिंगसाठी तिची निवड झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जातीचा दाखला दाखवला नाही, तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. दाखला मंजूर होता, आतल्या संगणकात नोंदही होती. राहिलं होतं ते छापणं आणि प्रांतसाहेबांची सही. साहेब तीनला खोडाळ्याच्या दौऱ्यावर निघणार आणि उजाडल्यावर तिथूनच ठाण्याला जाणार होते.

मी तिचा अर्ज क्रमांक टाकला. बराच वेळ काही हललं नाही. मग चौकट आली: दुसरा संगणक सापडत नाही.

आत जाऊन पाहिलं. तो चालू होता, नोंदी उघडत होत्या. मुलीची नोंदही समोर दिसली. पण छपाईचा प्रोग्रॅम त्यात नव्हता, त्यामुळे प्रिंटर उचलून आत नेण्यात अर्थ नव्हता. नोंद फ्लॉपीवर उतरवून बाहेर आणावी तर फ्लॉपीचा खण उन्हाळ्यापासून बंद. आणि हाताने लिहिलेले दाखले नवीन आदेशाने बाद झालेले.

बाहेर येऊन मी पिंग मारला. पिंग म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला हाक मारून ओ येते का ते बघणं. स्वतःला मारला, ओ आली. आतल्याला मारला, चारही वेळा उत्तर नाही.

"सायब, होईल ना?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"बघतोय."

"मघापासून बघताच की तुमी."

"बाबा, गप," मुलगी म्हणाली.

हबवर प्रत्येक भोकाला एक बारीक दिवा असतो, वायरीची दोन्ही टोकं नीट जोडलेली असली की तो लागतो. माझ्या वायरीचा लागलेला, आतल्या वायरीचा विझलेला. आतली वायर हबच्या दुसऱ्या भोकात लावली. दिवा नाही. माझी लावली, त्या भोकाचा दिवा लागला. म्हणजे हब ठीक. मग कपाटातली राखीव वायर काढली आणि दारातून थेट आतपर्यंत ओढून संगणकामागे चाचपडत लावली. दिवा नाहीच.

तेवढ्यात अव्वल कारकून अण्णा आले. वायरीला अडखळले.

"हे काय, कपडे वाळत घालताय? साहेबांचं सामान जीपमध्ये चाललंय. त्या पोरीला सांगा, सोमवारी ये."

"सोमवारी तिची जागा राहणार नाही, अण्णा."

"मग ठाण्याच्या माणसाला फोन करा."

"तो निघाला तरी रात्री पोचेल."

हब चांगला, वायर चांगली. उरलं आतल्या संगणकाचं टोक. मी तो बंद केला आणि टेबलावर फिरवून त्याची पाठ उजेडाकडे केली.

पाठीवर सुबक पांढऱ्या आकड्यांत क्रमांक होता. शेवटच्या आकड्याचा रंग ओघळून वायर लावायच्या भोकात उतरला होता.

"मामा, हे कधी रंगवलंत?"

"काल संध्याकाळी, भाऊसाहेब." मामा खुशीत म्हणाले. "खुर्चीचा नंबर पाठीवर, म्हणून याचाबी पाठीवर. तोंडावर बरा दिसत नाय. वायर काढली, रंगवलं, परत खोचली."

"खोचताना टक् आवाज आला?"

मामांनी अण्णांकडे पाहिलं. "आवाज यायचा असतो?"

अण्णा म्हणाले, "मीच सांगितलं रंगवायला. तपासणीत शेरा कोण घेणार?"

त्यावर बोलायला वेळ नव्हता. भोकाच्या आत केसासारख्या आठ तारा असतात. एक जरी वाकली तरी सगळं संपलं. जव्हारच्या ओलीत ऑइलपेंट चार-चार दिवस चिकट राहतो, एरवी त्याचा वैताग यायचा. आज तेवढाच आधार होता. मामांनी टर्पेंटाइन आणलं. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून मी एकेक तार पुसायला लागलो. पाचव्या तारेपर्यंत आलो. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"जीप सुरू झाली," मुलगी दारातून म्हणाली.

"मामा, साहेबांना सांगा, एक सही राहिलीय. हात जोडा, काय वाटेल ते करा."

आठही तारा पुसल्या, कोरड्या कापसाने टिपल्या. वायर आत सारली. टक् झालं. संगणक सुरू व्हायला लागला तसा हबवरचा दिवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. पिंग मारला. ओ आली.

कागद प्रिंटरमधून निघताच अण्णांनी ओढला. मी तो परत घेतला.

"आता काय?"

"अर्जाशी ताडून बघतो."

"भाऊसाहेब, जीप निघतेय हो!"

"चूक राहिली तर उद्या नाशिकला कोण दुरुस्त करणार?"

मुलीला मोठ्याने वाचायला लावलं. नाव, वडिलांचं नाव, जमात, गाव, तालुका मोखाडा. ती वाचत होती, मी अर्जावर बोट फिरवत होतो आणि अण्णा दारात उभे राहून कपाळावर हात मारत होते. सगळं बरोबर होतं.

जीप फाटकाबाहेर तोंड काढून उभी होती. मामा तिच्यासमोर, अगदी बॉनेटला हात लावून. साहेब चिडले होते, पण कागद वाचला, मांडीवर फाइल घेऊन सही केली. गोल शिक्का मी खिशात घालून नेला होता, तो तिथेच उमटवला. मुलीने दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि दोघं एस.टी. स्टँडकडे अक्षरशः पळत गेले. आभार वगैरे मानायला थांबले नाहीत, ते बरंच झालं.

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. टर्पेंटाइनने क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे गेले होते. शेरा बसला आणि खुलासा मागवला गेला. लिहायला बसलो तेव्हा अण्णा शेजारी येऊन उभे राहिले.

"काय लिहिताय?"

"कामासाठी पुसावा लागला."

"कोणतं काम, असं विचारतील."

दोनच दिवस आधी मुलीचे वडील बाजाराला आले होते आणि खिडकीतून एवढंच सांगून गेले होते: घेतली तिला. मी खुलाशात लिहिलं, एक दाखला त्याच दिवशी देणं आवश्यक होतं. अण्णांनी वाचलं, पेन मागितलं आणि माझ्या सहीखाली आपलीही सही केली.

मग मामांना बोलावून म्हणाले, "पुन्हा रंगवा. पण आधी भोकावर चिकटपट्टी लावा. भाऊसाहेबांना दाखवून."