अहमदपूरच्या मांडवात उगारलेला हात

माझ्या भाचीचं लग्न अहमदपूरला, वऱ्हाड हदगावचं. नवरदेवाचा थोरला चुलता म्हणजे जन्मात बैलालाही चाबूक न लावलेला माणूस. पण शेत पोरांच्या हाती दिलं आणि तो रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसू लागला. एकामागून एक मालिका, आणि प्रत्येकीत कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडात देणारच. त्याची बायको मला म्हणाली होती, "आमचं माणूस आता चहाच्या कपालाबी डोळे वटारून राहिलं."

त्यात मानाचे फेटे बांधताना आमच्याकडून घोळ झाला. धाकट्या चुलत्याला फेटा मिळाला आणि थोरल्यापाशी येईस्तोवर फेटेच संपले. अक्षता वाटून झालेल्या, आणि हा गडी माझ्या दाजींसमोर, नवरीच्या बापासमोर, येऊन उभा!

"माझा अपमान? भर मांडवात?"

हात वर गेला. ती थप्पड पडली असती तर वऱ्हाड परत फिरलं असतं. आमचे दोन तगडे पुतणे बाह्या सरसावून निघालेच होते.

पण हात वरच थांबला! अहो, खऱ्या भांडणात हात थांबत नाही. उठतो आणि पडतो, मधे श्वास मावत नाही. मालिकेत मात्र सगळ्यांचे चेहरे दाखवून होईस्तोवर तो हवेतच असतो. टीव्हीनं याला मारायला शिकवलं होतं, थांबायलाही त्यानंच शिकवलं होतं.

मी मधे उडी घेतली. "ढँऽण!" दाजींकडे मान झटकली. "ढँऽण!" विहीणबाईंकडे. "ढँऽण!" थेट भटजींकडे. भटजींनी खरंच डोळे विस्फारले.

आणि चुलत्याची बायको ओरडली, "अवो, हात खाली घ्या, जाहिरात लागली!"

मांडव असा हसला की वाजंत्रीवाल्यांना वाटलं लग्न लागलं. त्यांनी ताशा बडवायला सुरुवात केली. चुलता आधी लालबुंद झाला, मग त्याचं पोट हलायला लागलं.

"लई नाटकी हाव तुमी, मामा!"

मी माझाच फेटा सोडला आणि त्याच्या डोक्याला बांधला. फेट्याची लोंबती शेव गुडघ्यापर्यंत आली. त्याला ती फार आवडली.

मंगलाष्टकांना मी बोडक्या डोक्यानं भाचीच्या मागं उभा. बहीण कुजबुजली, "दादा, असा मामा कुठं असतोय का?"

"हाय की," म्हणालो. अंतरपाट सरकला, भाचीनं हार घातला, आणि सगळ्यांत मोठ्यांदा टाळ्या चुलत्यानं वाजवल्या, त्याच हातांनी.