गॅसलाइनचा शेवटचा तुकडा आणि वामन

आज सकाळी वामन गेला. फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की हा नाटक तर करत नाही ना.

रडू नंतर आलं.

सगळे लिहितात, भिलाईचा स्टील प्लांट भाईचाऱ्यातून उभा राहिला. राहिला असेल. आम्ही तर नट-बोल्टसुद्धा उशाशी घेऊन झोपायचो.

फर्नेसची गॅसलाइन टाकणं चालू होतं. माणूस आतून वाकून चालेल एवढा पाइप. एका टोकाकडून आमची गँग येत होती, दुसऱ्या टोकाकडून वामनच्या मामाची. मामा तिथला मिस्त्री.

मधे थोडी जागा सोडायची, ती मोजायची, आणि त्या मापाचा शेवटचा तुकडा कापून बसवायचा. दोन लाइनींची एक लाइन झाली की काम फत्ते.

साहेबांची ऑर्डर होती, माप सूर्य उगवायच्या आधी घ्या आणि दोन्ही गँग मिळून घ्या.

मिळून? दुसऱ्याच्या टेपवर आमच्यातला एकही भरोसा ठेवत नव्हता. आम्ही आमचं मोजलं, त्यांनी त्यांचं. मामाचं माप वर्कशॉपमध्ये आधी पोचलं, तुकडा त्यावर कापला गेला.

पुढे एका पहाटे, ऊन यायच्या आत, क्रेनने तुकडा उचलून जागेवर धरला.

चार बोटं कमी.

साहेबांनी दोन्ही मिस्त्रींना विचारलं, माप कधी घेतलं? दोघंही म्हणाले, पहाटे.

मग एकच अर्थ निघत होता. मोजल्यानंतर कोणीतरी जॅक लावून पाइप सरकवला. जागा आमच्या मापाशी जुळत होती, म्हणून संशय आमच्यावर. आणि आमचा जॅक माझ्या ताब्यात असायचा.

साहेब म्हणाले, उद्या संध्याकाळी फैसला करू, तोवर पाइपला कोणी हात लावायचा नाही. फैसला काय व्हायचा ते सगळ्यांच्या नजरेतच दिसत होतं. माझं नाव कटलं असतं तर परत तुमसर, परत दुसऱ्याच्या शेतात मजुरी. बायकोला नुकतंच कॅम्पमधल्या टिनाच्या खोलीत आणलं होतं. तिला दिवस गेले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून राखण. आमच्याकडून मीच हट्टाने बसलो. त्यांच्याकडून वामन आला.

"जय भीम, शंकरभाऊ."

मी मनात म्हटलं, घ्या, लोणी लावणं सुरू.

त्याने बांबूची एक लांब कमची आणली होती. त्या जागेच्या मापाने तासली आणि दोन्ही पाइपांच्या मधे घट्ट अडकवली.

"हे कायले?"

"तू पाइप सरकवला त समजंन ना मले."

"अन् तू सरकवला त?"

"म्हून त तुले बी दिसन अशी लावली."

दिवसभर असेच बसलो. मे महिना. दोघांनी भाकरी खाल्ली तीही समोरासमोर, एकमेकांच्या हातांकडे पाहत.

ऊन चढलं तशी कमची वाकायला लागली. मला वाटलं, माझे डोळे फिरले. दुपारी तिचं धनुष्य झालं आणि कडकन मोडली.

दोघंही उठून एकदम ओरडलो, "हात लावला बे!"



हात कोणीच लावला नव्हता. लोखंड उन्हात वाढतं हे ऐकून होतो, पण दोन्हीकडची लांबच लांब लाइन मिळून एवढी वाढेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

मी धावत आमच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने माझा आनंद तिथेच मारला. "अबे, दोन्ही मापं पहाटेची हायेत. उनाचं काय घेऊन बसला?"

परत आलो तर वामनचा चेहरा उतरलेला. मोडलेली कमची हातात घेऊन बसलेला. तिथेच मला संशय आला, हा काहीतरी लपवून राहिला.

संध्याकाळी तो एकटाच साहेबांच्या ऑफिसात शिरला. मी बाहेर उभा. म्हटलं, शंकर, बांध गाठोडं.

बाहेर आला तो माझ्याकडे न पाहता निघून गेला. मला आत बोलावलं. साहेब म्हणाले, तुझ्यावर काही नाही, जा.

वामनने सांगितलं होतं की मामाची गँग मापाच्या दिवशी उशिरा आली, आणि माप भर दुपारी घेतलं, पाइप वाढून जागा आवळली होती तेव्हा. टेपचं दुसरं टोक त्याने स्वतः धरलं होतं.

सख्ख्या मामाविरुद्ध. ज्याने त्याला गावाहून आणून कामाला लावलं, त्याच्याविरुद्ध.

मामाने त्याची ट्रंक रस्त्यावर फेकली. तो ट्रंक घेऊन माझ्याच दारात आला. बायकोने ताट वाढलं.

मी गुपचूप भांडी मोजली.

पुढच्या पहाटे दोन्ही गँगनी एकाच टेपने मोजलं. नवा तुकडा असा बसला की साहेबसुद्धा हसले. वामन मागे उभा होता. मामाने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तो शेवटपर्यंत भाच्याशी बोलला नाही, लग्नालाही आला नाही.

आणि मी? मी वाट पाहत राहिलो, हा आता बदल्यात काय मागतो त्याची. दोघंही प्लांटमध्ये पर्मनंट झालो, पोरं मोठी झाली, रिटायर झालो. सिविक सेंटरला चहा पिताना दर वेळी विचारायचो, साहेबांना का सांगितलंस? दर वेळी तो विषय बदलायचा.

मागच्या महिन्यात रिसालीला त्याच्या घरी गेलो. नाकाला ऑक्सिजन लावलेला.

"वामन, आता त सांग. कावून सांगतलं साहेबाले?"

"तुह्यावर भरोसा नोता ना बे. वाटलं, तूच जाऊन सांगशीन. म्हून आधी म्या गेलो."

मी पोट धरून हसलो. म्हटलं, सापडला एकदाचा!

वैशाली नगरला घरी परत येताना ऑटोत डोक्यात प्रकाश पडला.

मामाने दुपारी मोजलं हे मला माहीतच नव्हतं. मी काय सांगणार होतो, कपाळ?

माझ्यावर उपकाराचं ओझं राहू नये, म्हणून जाता जाता खोटं बोलला.

लबाडा.

तुझ्याएवढा सरळ माणूस मी पाहिला नाही, वामन. माझा संसार तुझ्यामुळे उभा राहिला. हे तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच म्हणाला असतास, "शंकरभाऊ, आता काय पायजे तुले?"

काही नको रे. तू पाहिजे होतास.

नीट जा भाऊ. जय भीम.